हमालाचे शून्य कार्य

शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला ‘कार्य’ ही संकल्पना शिकविताना हमालाचे उदाहरण देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. डोक्यावर बोजा घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य करतो? उत्तर : शून्य. बल ऊर्ध्व दिशेने, विस्थापन क्षितिजसमांतर. दोहोंमधील कोन नव्वद अंशांचा, सबब गुणाकार शून्य. वर्गात हशा पिकतो, गुरुजीही हसतात आणि तास पुढे सरकतो. व्याख्येच्या दृष्टीने उत्तर निर्दोष आहे. प्रश्न एवढाच, की ज्याच्या मानेवरून घाम ओघळतो आहे त्या माणसाच्या शरीरात त्या वेळी काय चालले आहे, हे त्या वर्गात, किंवा त्यानंतरच्या कोणत्याही वर्गात, मुलांना कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तेव्हा दुसऱ्याच्या शास्त्राकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःच्या शास्त्राचा कबुलीजबाब देणे बरे. भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन ही उत्पादनाच्या घटकांची चौकट आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. त्यांतला श्रम आम्ही तासांत मोजतो, किंवा नगांत, खेपांत, टनांत मोजतो. त्या एका टनापोटी मजुराच्या कमरेच्या मणक्यांवर किती दाब पडला, हा रकाना आमच्या कोष्टकात नाही. यंत्राची झीज आम्ही काटेकोरपणे वजा करतो. माणसाच्या झिजेचा मात्र हिशेब नाही. तो त्याच्या घरच्यांनी, त्याच्या म्हातारपणी, खाटेजवळ बसून करावयाचा.

हा रकाना भरता येणार नाही असे मात्र नाही. मानवी हालचालींचा अभ्यास करणारी जैवयांत्रिकी आणि स्नायूंतून उमटणारे विद्युत्-संकेत टिपणारे तंत्र ही दोन्ही आज चांगली वयात आलेली शास्त्रे आहेत. त्यांचा मुख्य सिद्धांत हमालाच्या शून्याचा निकाल लावण्यास पुरेसा आहे. टेबलावर पोते ठेवले तर टेबल थकत नाही, कारण लाकडाला ते पेलण्यासाठी काही खर्चावे लागत नाही. स्नायू हे लाकूड नव्हे. स्नायुतंतूंमधील सूक्ष्म बंध सतत जुळत आणि सुटत राहतात तेव्हाच ताण टिकून राहतो, आणि प्रत्येक बंधाला रासायनिक ऊर्जेची किंमत मोजावी लागते. पोते जागचे हलले नाही तरी ही किंमत चुकत नाही. मज्जातंतूकडून आज्ञा आली की स्नायुतंतूवरून विद्युत्-भाराची एक लाट धावते. त्वचेवर दोन धातूच्या चकत्या चिकटविल्या तर अशा असंख्य लाटांची गोळाबेरीज एका वाकड्यातिकड्या रेषेच्या रूपाने उमटते. हिचा दाब अत्यल्प, व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढा. भिंतीतल्या विजेच्या तारांची गुणगुण तिच्यात मिसळू नये म्हणून त्वचा घासून, स्पिरिटने पुसून घ्यावी लागते. घामाने चकती सुटली तर सगळा आलेख वाया. म्हणजे जो खरोखर घाम गाळतो त्याची मोजणी सर्वांत कठीण.

या विद्येची वंशावळ थोरामोठ्यांची आहे. सतराव्या शतकात इटलीतील बोरेल्लीने हाडे म्हणजे तरफा आणि स्नायू म्हणजे त्यांना ओढणाऱ्या दोऱ्या, असे गणित मांडले. १७९१ साली गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि १८४९ साली जर्मनीत द्यु ब्वा-रेमाँ याने माणसाने स्वेच्छेने आकुंचित केलेल्या स्नायूतील वीज नोंदविली. मायब्रिजने १८७८ मध्ये दौडणाऱ्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तर पॅरिसमध्ये मारे याने एकाच काचेवर चालत्या माणसाच्या एकामागून एक अवस्था टिपल्या. इथपर्यंतची कथा जिज्ञासेची आहे. पुढे मात्र या जिज्ञासेच्या खांद्यावर हिशेबनीसाचा हात पडला.

अमेरिकेतील बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलरने केलेले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितलेली हकिकत अशी : एक कामगार दिवसाकाठी साडेबारा टन बिडाच्या लगडी उचलून गाडीत भरीत असे, हालचाली आणि विश्रांती यांची शास्त्रशुद्ध आखणी करून दिल्यावर तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. नंतरच्या अभ्यासकांनी या हकिकतीच्या तपशिलांवर बरीच शंका घेतली आहे. पण ती जशीच्या तशी खरी धरली तरी साधी त्रैराशिक मांडून पाहावी. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी दीडपटीच्या किंचित वर गेली. मधला फरक कोठे गेला, हे सांगण्यास विद्युत्-आलेखाची गरज नाही.

तरीही टेलरला केवळ खलनायक ठरविणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्याच ग्रंथात तो असेही सांगतो, की बेचाळीस किलोची लगड उचलणाऱ्या उत्तम कामगाराच्या अंगावर दिवसाच्या फक्त ४३ टक्के वेळ ओझे असावे. उरलेल्या ५७ टक्के वेळात तो ओझ्याविना राहिला पाहिजे. आपल्याकडच्या कोणत्या मुकादमाने हे वाक्य कधी वाचले आहे? टेलरची घाई आपण उचलली. त्याची विश्रांती तेवढी बंदरातच राहिली.

याच सुमारास मॉस्कोमध्ये एक निराळी गोष्ट घडत होती. १९२२ मध्ये निकोलाय बर्नस्टाइन हा तरुण वैद्यकतज्ज्ञ तेथील केंद्रीय श्रम संस्थेत आला आणि छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या निष्णात कामगारांच्या हालचाली तो छायाचित्रांवर टिपू लागला. संस्थेला हवी होती एकमेव आदर्श हालचाल, जी सर्वांना शिकविता येईल. बर्नस्टाइनला आढळले ते उलटेच. हातोड्याचे टोक दर वेळी नेमक्या जागी पडत होते. परंतु खांदा, कोपर आणि मनगट दर खेपेस वेगवेगळ्या रीतीने एकमेकांना सांभाळून घेत होते. निष्णात माणूस एकच हालचाल पुनःपुन्हा करीत नाही. एकच प्रश्न तो पुनःपुन्हा नव्याने सोडवितो. ज्याला आपण ‘अकुशल’ म्हणून मजुरीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवितो, त्याच्या हाताची ही कहाणी आहे. किमान वेतनाच्या अनुसूची तयार करणाऱ्यांनी ‘अकुशल’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा बाजार समितीच्या आवारात जाऊन थप्पी लावणारा माणूस पाहावा. दोघांनी झेलून पाठीवर दिलेले पोते, त्याखाली क्षणभर वाकलेले आणि लगेच सावरलेले गुडघे, फळीवरची पावले, आणि शेवटी खांद्याच्या एका हिसड्याने नेमक्या जागी बसलेले ते पोते. आम्ही अध्यापकांनी हे काम एक दिवस करून पाहिले, तर अकुशल कोण याचा उलगडा दुपारच्या आत होईल.

ओझे वाहण्यातील हे कौशल्य प्रयोगशाळेतही उघड झाले आहे. १९७१ साली दत्ता आणि रामनाथन या आपल्याकडील संशोधकांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना केली. छाती आणि पाठ यांवर विभागून घेतलेले ओझे सर्वांत कमी खर्चाचे, हातात लोंबकळत नेलेले सर्वांत अधिक खर्चाचे ठरले. डोक्यावरचे ओझे पहिल्याच्या बरेच जवळ होते. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ कोणताही जादा ऊर्जाखर्च न करता वाहून नेत असत. पाठीवर पिशवी घेतलेल्या सैनिकांना ते साधले नाही. त्या लेखाच्या शीर्षकातच या स्त्रियांना काटकसरीची काही रीत सापडली आहे काय, असा प्रश्न होता. २००५ साली नेपाळमधील नामचेच्या बाजाराकडे जाणाऱ्या भारवाहकांची मोजणी झाली, तेव्हा पुरुषांच्या पाठीवर सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रियांच्या पाठीवर ६६ टक्के ओझे आढळले.

असे निष्कर्ष वाचून आपल्याकडील काही मंडळींना आनंदाचे भरते येते. परंपरेने शरीराला सर्व काही शिकविले आहे, तेव्हा चिंता कशाची, असा त्यांचा सूर असतो. हा आनंद घाईचा आहे. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील खोसा स्त्रियांची चाचणी घेतली असता डोक्यावरील ओझ्याचा असा सरसकट फायदा दिसला नाही. व्यक्तिव्यक्तींत मोठा फरक पडला आणि मानेचे दुखणे ही डोक्यावरून ओझे वाहण्यातील मोठी अडचण ठरली. शिवाय ऊर्जेची बचत म्हणजे शरीराची बचत नव्हे. कमी प्राणवायूत चालणारी बाई अधिक झिजणारीही असू शकते. फुप्फुसांचा जमाखर्च आणि मणक्यांचा जमाखर्च ही दोन वेगळी खाती आहेत.

येथेच विद्युत्-आलेखाची एक विलक्षण नोंद सांगणे आवश्यक आहे. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकात पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंवर चकत्या लावून माणसांना हळूहळू पुढे वाकावयास सांगितले. वाकताना आलेख चढत गेला. धडाचे वजन तोलावयाचे असल्याने ते अपेक्षितच होते. परंतु माणूस पूर्ण वाकला तेव्हा आलेख एकाएकी शांत झाला. स्नायू जणू काम सोडून निघून गेले. मग धडाचा भार पेलला कोणी? मणक्यांमागील अस्थिबंधांनी, ताणलेल्या निष्क्रिय ऊतींनी आणि मणक्यांमधील चकत्यांनी. ज्या क्षणी यंत्र ‘काही नाही’ असे सांगत होते, त्याच क्षणी भार शरीराच्या सर्वांत मुक्या भागावर जाऊन पडला होता. बराच वेळ असे वाकून राहिले म्हणजे हे अस्थिबंध सैलावतात, पूर्ववत् होण्यास वेळ घेतात आणि तेवढ्यात जड ओझे उचलले तर इजेचा संभव वाढतो.

उसाच्या फडात नेमके हेच घडते. ऊस बुडापासून, जमिनीलगत तोडावयाचा असतो. वर ठेवला तर साखर शेतात राहते म्हणून मुकादम ओरडतो. तोडणारा आणि तोडणारी कोयता घेऊन तासन् तास कमरेत वाकतात. मग वाढे छाटून, मोळी बांधून, तीच बाई तीस-चाळीस किलोची मोळी चुंबळीवर घेऊन कलत्या फळीवरून ट्रकवर चढते. वाकण्यानंतर लगेच उचलणे आणि उचलल्यानंतर लगेच चढणे, हा क्रम शरीरशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत घातक म्हणावा लागेल. मजुरी मात्र टनावर. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्या जोडीच्या नावावर, आणि बाईच्या कमरेचे खाते त्या जोडीत कोठेच नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या प्रकरणाची कारणे अनेकपदरी आहेत आणि ती सर्व ओझ्याच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण खाडा झाला तर दंड, हा नियम ज्या व्यवसायात आहे, तेथे शरीराची तक्रार ऐकण्यास कोणाला सवड नसते, एवढे त्यावरून दिसले.

आता मोजणी कोणाची होते ते पाहू. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात कोपरात किती सरळ होतो, हा वाद मुथय्या मुरलीधरनच्या निमित्ताने जगभर गाजला. पूर्वी जलद, मध्यम आणि फिरकी गोलंदाजांसाठी अनुक्रमे दहा, साडेसात आणि पाच अंशांची सूट होती. जैवयांत्रिकी मोजमापांनंतर २००४-०५ च्या सुमारास ती सर्वांसाठी पंधरा अंश ठरली. संशय आला की गोलंदाज प्रयोगशाळेत जातो, अंगभर खुणा लावून घेतो, अनेक कॅमेऱ्यांसमोर चेंडू टाकतो आणि त्याच्या कोपराचा निवाडा अंशांत होतो. चेन्नईतील एका प्रयोगशाळेलाही आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी मान्यता दिली. यात गैर काहीच नाही. खेळाला न्याय हवा. पण एका कोपराच्या पंधरा अंशांसाठी जे शास्त्र राबते, ते लाखो कमरांच्या नव्वद अंशांसाठी का राबू नये? उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही देता येईल. गोलंदाजाचे कोपर महाग आहे. एक निकामी झाले तर दुसरे सहज मिळत नाही. कमरा मात्र दर दिवाळीनंतर मराठवाड्यातून ट्रक भरभरून येतात.

कायद्याने या प्रश्नाला अगदीच पाठ दाखविली असे नाही. इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून वाहवून घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमात लिहिलेले होते आणि कमाल वजने ठरविण्याचा अधिकार राज्यांना दिलेला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो अधिनियम आपल्या पोटात घेतला. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कमाल वजनासंबंधी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा सुचविला. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना दोन हातांनी उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. उचलणे आणि पाठीवरून वाहणे यांत फरक आहे, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल देऊ नये. तरीही आपल्या सिमेंटच्या पिशवीवर छापलेले पन्नास किलो कोणत्या कमरेवरून ठरविले, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा याच राज्याने केला. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणे ही एके काळी हमालीची सर्वसाधारण रीत होती. पोते पन्नास किलोचे करा, ही मागणी कोणत्याही प्रयोगशाळेने नव्हे, हमालांच्या संघटनांनी लावून धरली. शरीराने जे आलेखाविना ओळखले ते संघटनेने मांडले. पण अशा मागणीपुढे मालक, व्यापारी आणि शासन ‘पुरावा काय’ असे विचारतात तेव्हा हमालाजवळ दाखविण्यासारखे फक्त खांद्यावरचे घट्टे असतात. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, हाजी अलीला भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे, पवईला आयआयटी आहे. या अंतरात विद्येचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो प्रश्नांचा. कारण संशोधनाला प्रश्न पुरवितो तो पैसे पुरविणारा.

एक धोका मात्र स्पष्टपणे सांगितला पाहिजे, नाही तर या लेखाचा उपयोग भलतीकडेच व्हावयाचा. मोजणी म्हणजे न्याय नव्हे. विद्युत्-आलेखाचेच पाहा. थकत चाललेल्या स्नायूचा आलेख बऱ्याचदा उंच होत जातो, कारण तोच भार धरून ठेवण्यासाठी अधिक तंतूंना कामाला लावावे लागते. त्याच वेळी त्याची वारंवारता उतरू लागते. केवळ उंची पाहणारा म्हणेल, माणूस जोमात आहे. (राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना ही फसगत ओळखीची वाटेल.) दोन माणसांचे आलेख जसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत, प्रत्येकाला आधी कमाल जोर लावावयास सांगून त्या प्रमाणात ते मोजावे लागतात. आणि ज्या कामगाराला या आकड्यावरून आपला दर ठरणार हे ठाऊक आहे, तो कमाल जोर कशाला लावील? त्याचा संशय रास्त आहे. आज कित्येक देशांतील गोदामांत कामगारांच्या मनगटावर आणि कमरेवर हालचाली मोजणारी उपकरणे बांधली जातात. तेच उपकरण वाकण्याचे धोके सांगू शकते आणि तेच कोण किती क्षण थांबला याची चुगलीही करू शकते. टेलरच्या हातातील घड्याळ आता कामगाराच्याच अंगावर चढले आहे.

म्हणून मोजणीची मागणी करताना तिच्या मालकीची मागणीही केली पाहिजे. माथाडी मंडळांकडे मालकांच्या लेव्हीतून निधी येतो; ऊसतोडणी कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. या निधीतून अभ्यास व्हावा, वैद्यकीय महाविद्यालये आणि अभियांत्रिकी संस्था यांनी तो करावा, कोणते काम मोजावयाचे हे संघटनांनी ठरवावे. व्यक्तीचा आलेख त्या व्यक्तीखेरीज कोणाच्या हाती जाऊ नये; मालकाला मिळावे ते कामाचे मोजमाप, कामगाराचे नव्हे. मोजावयाच्या गोष्टीही फार अवघड नाहीत. फळीचा उतार किती असावा, मोळी किती किलोंची बांधावी, किती वेळ वाकल्यानंतर किती वेळ उभे राहावे, लांब दांड्याचा कोयता कमरेचा कोन किती अंशांनी कमी करतो, पोत्याला दोन्ही बाजूंनी धरावयास कान शिवले तर काय फरक पडतो. यांतील एकाही प्रश्नाच्या उत्तराला परदेशी चलन लागत नाही.

साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात दराचा करार ठराविक मुदतीने होत असतो. बोलणी टनामागच्या रुपयांवर सुरू होतात आणि टक्क्यांवर संपतात. मोळीचे वजन त्या टेबलावर कधी ठेवले गेल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही. पुढच्या बैठकीत ते ठेवावे. दराच्या कलमाआधी मोळीच्या कमाल वजनाचे आणि फळीच्या उताराचे कलम लिहावे, आणि मोळी हलकी केल्यामुळे ज्या जादा खेपा पडतील त्यांची मजुरी कारखान्याने द्यावी. मोळी तोलावयास फडाच्या बांधावर एक साधा स्प्रिंगचा काटा टांगला तरी पहिल्या हंगामापुरते काम भागेल. उसाने भरलेला ट्रक कारखान्याच्या दारात काट्यावर चढतोच. त्याआधी तो ऊस ज्या मानेवरून चढला, तिचे वजन घेण्यास फारशी उठाठेव पडू नये.